रविवारची हॉकी, शनिवारची माती

कोकणात हॉकीचा क्लब चालवायचा म्हणजे आधी तांबड्या मातीशी जमवून घ्यावं लागतं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून वरच्या पातळीवरची हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. तेव्हापासून स्टिक, बॉल, शिकवण्याची पद्धत असं बहुतेक सगळं टर्फ धरूनच ठरत आलं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या हौशी क्लबांच्या वाट्याला बहुधा येतं ते शाळेचं किंवा कॉलेजचं मुरमाचं पटांगण. त्यावर चांगली हॉकी होते, वेगवानही होते. त्यासाठी शनिवारची अख्खी दुपार मैदानाला द्यावी लागते. ती दिली नाही, तर रविवारी बॉल नडग्यांवर उडतो, अंपायरवर आरडाओरडा होतो आणि कुणाच्या वाटेत खडा आला यावर सामन्याचा निकाल लागतो.

आखणीपासून सुरुवात करू. पूर्ण मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. काटकोन डोळ्यांनी साधत नाही. कोपऱ्यावर एक खुंटी ठोका, एका बाजूला ९ मीटर, दुसऱ्या बाजूला १२ मीटर मोजा. त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर १५ मीटर आलं की कोपरा काटकोनात बसला. चारही कोपरे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजून बघा. प्रत्येक कर्ण १०६.६७ मीटर आला पाहिजे. दोघांत हातभर फरक असेल तर मैदान तिरकं आहे आणि बॅकलाइन (गोल असतो ती टोकाची रेघ) बाजूच्या रेघेला काटकोनात नाही. अशा मैदानावर एका बाजूचा पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीनंतर बॅकलाइनवरून बॉल देऊन होणारा हल्ला) कायम सोपा पडतो.

‘डी’, म्हणजे गोलसमोरचा अर्धगोलासारखा भाग, आखताना सगळ्यात जास्त चुका होतात. प्रत्येक गोलखांबापासून १४.६३ मीटर त्रिज्येचा पाव गोल काढायचा आणि मध्ये ३.६६ मीटरची सरळ रेघ मारून दोन्ही जोडायचे. १४.६३ हे माप रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं. यासाठी काथ्याची किंवा नायलॉनची दोरी वापरू नका. दोरी ताणली की लांबते, भिजली की तिचं माप बदलतं आणि गोल अंड्यासारखा होतो. स्टीलची टेप किंवा बारीक तार घ्या. ‘डी’च्या बाहेर ५ मीटरवरची तुटक रेघ अनेक ठिकाणी आळसाने सोडून देतात. ती माराच. समोरच्या संघाच्या बॅकलाइनपासून २३ मीटरच्या भागात हल्ला करणाऱ्यांना मिळालेली फ्री हिट थेट ‘डी’त मारता येत नाही, आधी बॉल ५ मीटर जावा लागतो. तुटक रेघ नसेल तर त्यावरून प्रत्येक वेळी वाद होतो.

शाळेच्या पटांगणात ९१ मीटर क्वचितच मावतात. जागा कमी असेल तर लांबी-रुंदी कमी करा, ‘डी’ मात्र पूर्ण मापाचीच ठेवा. गोलवर मारायचं अंतर एकदा अंगवळणी पडलं की ते दर रविवारी बदलता कामा नये. फारच लहान जागा असेल तर सातजणांचा सामना घ्यावा. अकराजण कोंबले की नुसती ढकलाढकल होते.

दुसरी अडचण क्रिकेटच्या पिचची. बहुतेक पटांगणांच्या मध्यावर सिमेंटची पट्टी असतेच, आणि ती काढून टाका असं कुणालाही सांगता येत नाही. मग हॉकीचं मैदान असं सरकवायचं की पट्टी दोन २३ मीटर रेषांच्या मधोमध पडेल. मातीवरून सिमेंटवर येताना बॉलचा वेग एकदम वाढतो. तो फरक मध्यावर दोन्ही संघांना सारखाच पडतो, ‘डी’त पडला तर गोलकीपरवर अन्याय होतो. सिमेंटची कड मातीपेक्षा वर आली असेल तर तिथे ओला मुरूम भरून चोपण्याने ठोकून घ्या, नाहीतर तिथून बॉल थेट तोंडावर उडतो.

आता माती. जांभ्याचा मुरूम सुकला की वर बारीक धूळ आणि सुटे खडे राहतात. शनिवारी दुपारी तीनला दोन्ही संघांचे मिळून बावीस खेळाडू बॅकलाइनवर ओळीने उभे करा, दोघांमध्ये अडीच मीटर अंतर. बादल्या घेऊन सगळ्यांनी एका चालीने समोरच्या बॅकलाइनपर्यंत जायचं आणि वाटाण्यापेक्षा मोठा प्रत्येक खडा उचलायचा. जाताना एकदा, येताना एकदा. खेकड्यांची बिळं, गुरांच्या खुरांचे खड्डे, वाळवीचे उंचवटे याच फेरीत दिसतात. बीळ सुक्या मातीने बुजवू नका, पहिल्याच पावलाला ती खचते. कडा थोड्या खणा, पाणी मारा, चाळलेला मुरूम दोन थरांत भरा आणि प्रत्येक थर वेगळा ठोका.

मग पाणी. पूर्ण मैदानाचं क्षेत्रफळ सुमारे ५,०२७ चौरस मीटर. म्हणजे ५,००० लिटरचा टँकर रिता केला तरी मैदानावर जेमतेम १ मिलिमीटर पाणी पडतं. त्याने धूळ बसते, माती दबत नाही. रोलर चांगला बसायला तीन-चार टँकर लागतात, आणि ते दर आठवड्याला कुठल्याच क्लबला परवडत नाहीत. मग व्यवहारी हिशेब असा: एक टँकर सगळीकडे पातळ मारायचा आणि दोन्ही ‘डी’ वेगळ्या भिजवायच्या. एका ‘डी’चं क्षेत्रफळ सुमारे ३९० चौरस मीटर, म्हणजे २०० लिटरचे दोन पिंप ओतले की १ मिलिमीटर होतं. सहा पिंप ओतलेत तर रोलरखाली ‘डी’ घट्ट बसते. एप्रिल-मे महिन्यात वाडीवस्तीवर प्यायच्या पाण्याचे हाल असतील, तर मैदानावर टँकर ओतू नये असं माझं ठाम मत आहे. तेव्हा पहाटेच खेळावं किंवा अर्ध्या मैदानावर सात-सात जणांचे सामने घ्यावेत.

रोलर कधी फिरवायचा हे घड्याळ सांगत नाही, वाफसा सांगतो. मूठभर माती दाबा. गोळा झाला पण तळहाताला चिकटला नाही, तर रोलर आणा. आधी आणलात तर ओली माती रोलरला चिकटून वरचा पापुद्रा सोलून निघतो आणि जमीन आधीपेक्षा खडबडीत होते. उशिरा आणलात तर खडे दबतात, धूळ मात्र मोकळीच राहते. आधी लांबीच्या दिशेने, मग आडवा; प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाणी चारच्या आत संपलं पाहिजे.

रेघांची फक्की शनिवारी मारू नका. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा ती अर्धी उडवून नेतो. शनिवारी फक्त खुंट्या आणि सुतळी, फक्की रविवारी उजाडताना. तेव्हा वारा पडलेला असतो आणि थंडीच्या दिवसांत दव असल्यामुळे भुकटी जमिनीला धरून राहते. चुना वापरू नये. गोलकीपर आणि डिफेंडर जमिनीवर झेप घेतात. चुना डोळ्यात गेला तर इजा होते. खडूची भुकटी किंवा पांढरी रांगोळी चालते. तुटक रेघा सोडून सगळ्या रेघांची लांबी साधारण ५५७ मीटर होते. रेघ ७५ मिलिमीटर रुंद, थर १ मिलिमीटर धरला तर सुमारे ४२ लिटर भुकटी, म्हणजे एक मोठी गोणी. तांबड्या मातीवर पांढरी रेघ इतकी उठून दिसते की थर जाड करायची गरजच पडत नाही.

गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच. किनाऱ्यावर लोखंडी पाइप एका पावसाळ्यात गंजतो. ऑक्टोबरात पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड आणि त्यावर पांढरा ऑइलपेंट, हे दरवर्षीचं काम. नेटसाठी दूर जायला नको, बंदरावर मासेमारीचं नायलॉन जाळं मिळतं. भोक ४५ मिलिमीटरपेक्षा मोठं नको आणि खांबाला दर १५० मिलिमीटरवर बांधायचं. मागची आणि बाजूची फळी ४६० मिलिमीटर उंच, आतून गडद रंगाची. मरीन प्लायची करा; साधं प्लाय खाऱ्या दमट हवेत फुगतं. फळी ही शोभेची वस्तू नव्हे. पेनल्टी कॉर्नरला पहिला फटका हिट असेल तर बॉल गोलरेषेवर ४६० मिलिमीटरच्या वर असून चालत नाही आणि ती उंची अंपायरला फळीवरूनच कळते. फ्लिक किंवा पुश असेल तर ही मर्यादा नाही.

मातीवर पेनल्टी कॉर्नर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बॉल पुश करून देणारा बॅकलाइनवर, जवळच्या खांबापासून १० मीटरवर उभा असतो. तिथून ‘डी’च्या टोकाच्या मध्यापर्यंत सरळ अंतर जवळपास १८.८ मीटर. टर्फवर हा बॉल जमिनीला चिकटून येतो, मुरमावर तो वाटेत दोन-तीनदा उडतो. म्हणून सामन्याआधी या वाटा खराट्याने झाडून घ्या, प्रत्येक गोलला दोन, एकूण चार. झाडताना धूळ बाजूला सारा, खाली दबलेला थर उकरू नका. थांबवणाऱ्याने टर्फवर करतात तशी स्टिक जमिनीवर आडवी टाकू नये; बॉल वरून निघून जातो. स्टिक उभी, वरचा हात थोडा पुढे झुकलेला, पकड सैल, शरीर मागे. ड्रॅग फ्लिकवर (बॉल स्टिकने ओढत नेऊन उचलून फेकायचा फटका) मातीत फार भिस्त ठेवू नये. बॉल ओढताना खडा लागला की दिशा बदलते. सरळ, खाली ठेवलेली हिट किंवा एका पासनंतरचा फटका जास्त गोल देतो. बॉल ‘डी’बाहेर जाऊन आल्याशिवाय गोल धरत नाहीत, तो थांबवलाच पाहिजे असं मात्र नाही.

बचावात गोलकीपर धरून पाचजण रेषेमागे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. फेस मास्क, डाव्या हाताला ग्लोव्ह आणि गुडघ्याचे पॅड यांच्याशिवाय रेषेवरून सगळ्यात आधी बॉलकडे धावणाऱ्याला सोडू नका. मातीवर बॉल कुठे उसळेल याची खात्री नसते. पाच मीटरच्या आत त्याला गुडघ्याखाली बॉल लागला तर पुन्हा कॉर्नर, नेहमीच्या पवित्र्यात असताना गुडघ्याच्या वर लागला तर फटका धोकादायक धरून बचाव करणाऱ्यांना फ्री हिट. हा नियम सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना ऐकवून ठेवलात तर भांडणं बरीच कमी होतात.

अंपायर दोन, अर्ध्या-अर्ध्या मैदानाचे. ‘फूट, फूट’ म्हणून ओरडलं की शिट्टी फुंकायची सवय मातीवर घातक आहे. उसळलेला बॉल पायाला लागला आणि त्याने काहीच फायदा झाला नाही, तर खेळ चालू ठेवावा. ग्रीन कार्डला २ मिनिटं, यलोला किमान ५. वेळ टेबलावरच्या एकाच माणसाने मोजावी.

१५ मिनिटांचे चार क्वार्टर, मध्ये २, ५ आणि २ मिनिटांची विश्रांती, म्हणजे ६९ मिनिटं. दुखापती, कॉर्नर धरून ऐंशी. थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पहिला सामना साडेसातला लावा. मार्चनंतर सातच्या आतच. दुसरा सामना साडेदहाच्या आत संपला पाहिजे, कारण त्यानंतर दमट उकाड्यात पायात गोळे येऊ लागतात. पाण्यासोबत मीठ घातलेलं कोकम सरबत ठेवा. बर्फाच्या कारखान्यातला बर्फ मुक्या मारावर फडक्यात गुंडाळून लावायला उत्तम, सरबतात तो घालू नका. खरचटलेल्या जागी मुरूम अडकतो. साबण-पाण्याने कण निघेपर्यंत धुवा, मगच मलम.

स्टिक: मुरमावर रिव्हर्स (स्टिक उलटी फिरवून) आणि एजने (कडेने) खेळलं की कंपोझिट स्टिकच्या टोकाचं रेझिन लवकर झिजतं. टोकाला आणि कडेला टेप गुंडाळा, पण टेपसकट स्टिक ५१ मिलिमीटरच्या कड्यातून गेली पाहिजे. नवख्यांना महागडी लो-बो (खालच्या भागात बाक असलेली) स्टिक देऊ नये. साधी लाकडी, फायबरचा थर दिलेली स्टिक मातीवर जास्त टिकते. बूट रबरी बारीक स्टडचे. खिळ्यांचे बूट घातले तर शनिवारची सगळी मेहनत उकरली जाते.

गोलकीपरच्या किटमध्ये सगळ्यात आधी तुटतो तो किकरच्या (बुटावर चढवायच्या फोमच्या जाड कवचाच्या) तळव्याखालचा पट्टा, कारण तो दर पावलाला मुरमावर घासतो. दोन जादा नायलॉन पट्टे पिशवीत हवेत. किट ओली ठेवून बॅगेत कोंबली तर आठवड्यात बुरशी येते. माती झटकून, ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाऱ्यावर वाळवा. थेट उन्हात फोम कडक होऊन तडकतो. पावसाळ्याचे चार महिने किट माळ्यावर बंद न ठेवता दर पंधरवड्याला बाहेर काढा. आणि मृग लागायच्या आत मैदानाच्या कडेचे चर साफ करून ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात चाळलेला मुरूम वाहून शेजारच्या शेतात जातो.