जुनी थडगी घासू नका प्लीज

खेड्यातल्या जुन्या चर्चची दफनभूमी साफ करायची म्हटलं की लोक पहिल्यांदा काय आणतात तर वायर ब्रश आणि ब्लीच! अरे बाबांनो, दोनशे वर्षं पावसात टिकलेली अक्षरं तुम्ही एका दुपारी उडवाल. नुसतं पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर पेशन्स, बास. संगमरवराला तर अजून जपायला लागतं, पावसातल्या अॅसिडने तो आधीच साखरेसारखा भुसभुशीत झालेला असतो.

दुसरी चूक सिमेंटची. तुटलेला दगड सिमेंटने जोडला की काम पक्कं वाटतं, पण सिमेंट बऱ्याच जुन्या दगडांपेक्षा कडक, ते ओल बाहेर पडू देत नाही, मग ओल दगडातूनच वाट काढते आणि काही वर्षांनी सिमेंट जागेवर आणि दगड फुटलेला. पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंटच १८२४ चं, त्याआधीचे लोक चुना वापरायचे, आपणही तोच वापरावा ना.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते पुसट नावं वाचणं. खडू बिडू घासायचा नाही हां, संध्याकाळी टॉर्च एकदम बाजूने, दगडाला चिकटून मारायचा, सावल्या पडतात आणि कोरा वाटणारा दगड बोलायला लागतो. मग ते नाव चर्चच्या जुन्या दफन रजिस्टरमध्ये शोधायचं. बऱ्याच कबरी पूर्व-पश्चिम का असतात माहितीये? पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मेलेले पुन्हा जिवंत होतील त्या दिवशी, उठताना तोंड उगवतीकडे हवं म्हणून.

आणि हो, काम सुरू करायच्या आधी फोटो काढा आणि परवानगी घ्या.