गिसालोचा उतार

रविवार, १८ मे, रात्री

आज सायकलवरून गिसालोचा घाट उतरलो, उत्तर इटलीतल्या कोमो तळ्याजवळचा. चढलोही, पण चढाची मला कधीच भीती नव्हती.

मागच्या ऑक्टोबरात याच रस्त्यावर पडलो होतो. ग्वेल्लो गावाच्या खालच्या वळणावर चेस्टनटची ओली पानं साचली होती. ऐन वळणात मागचा ब्रेक दाबला, चाक सरकलं, आणि त्यानंतर आठवतो तो थेट नाकाशी आलेला ओल्या डांबराचा वास. डावं कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. पुण्याला आईला कळू दिलं नाही. व्हिडिओ कॉलवर खांद्यावरून शाल घेऊन बसायचो आणि इकडे थंडी फार आहे म्हणायचो. ते अजून सलतं.

हिवाळाभर सायकल चालवली ती सपाटीवर. मिलानहून मार्तेसाना कालव्याच्या काठाने आद्दा नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मार्चमध्ये धीर करून मोंतेवेक्कियाच्या टेकडीवर चढलो. वर पोचलो, खाली बघितलं आणि सायकल हातात धरून चालत उतरलो. शेजारून दहा-बारा वर्षांची दोन मुलं भन्नाट वेगाने खाली गेली. घरी येऊन त्या दिवसाचं इथे काही लिहिलंही नव्हतं.

आज सकाळच्या गाडीने लेक्कोला उतरलो. स्टेशनाबाहेर पडलं की डोक्यावर रेसेगोनेचा डोंगर. करवतीसारखे दाते, नावही करवतीवरूनच पडलंय. तिथून तळ्याच्या काठाने बेलाजिओ. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला पाणी, मधे मधे छोटे बोगदे. कोमोच्या तळ्याच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात हा सगळा डोंगराळ तुकडा आहे आणि बेलाजिओ त्याचं टोक. खरा आल्प्स इथून उत्तरेला. हा त्याच्या पायथ्याचा पट्टा, इथले लोक त्याला प्रेआल्पी म्हणतात. उंची फार नाही, पण रस्ते अडेलतट्टू. बर्फाच्या मोठ्या खिंडींचे रस्ते एका लयीत चढत राहतात, पाय एकदा लागले की लागले. इथे चार वळणं छातीवर येतात, मग गाव, मग थोडा उतार, की पुन्हा चढ. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे पटकन आपलं वाटतं.

बेलाजिओपासून माथ्यापर्यंत साधारण दहा किलोमीटर. पहिले चार सगळ्यांत वाईट, नऊ-दहा टक्क्यांचा चढ, एखाद्या ठिकाणी तर चौदा. मागचं सगळ्यात मोठं चक्र टाकूनही मांड्या पेटतात. चिवेन्ना गावाच्या आसपास रस्ता जरा मोकळा होतो, श्वास परत येतो, आणि शेवटी पुन्हा वळणं. मी पडलो होतो ते ग्वेल्लोखालचं वळण लागलं तेव्हा मी चढत होतो, त्यामुळे नीट बघता आलं. उतारावर ते मला नेहमी अंगावर आल्यासारखं वाटायचं. दगडी भिंत, भिंतीतून झिरपणारं पाणी, आणि त्या पाण्याचा एक काळा पट्टा रस्त्यावर आडवा गेलेला. म्हणजे नुसती पानं नव्हती. तिथली जमीन कायमच ओली असते, आणि हे मला सात महिन्यांनी कळलं.

माथ्यावर ७५४ मीटरवर मादोन्ना देल गिसालोचं, म्हणजे गिसालोच्या मेरीमातेचं, छोटं देऊळ आहे. पूर्वी वाटसरूंची देवी. १९४९ साली पोप पायस बाराव्यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री जाहीर केलं. आत भिंतीवर सायकलीच सायकली आणि जर्सी. कोप्पी, बार्ताली, मर्क्स अशा जुन्या नामांकित सायकलपटूंच्या. कुणी विजयानंतर आणून वाहिलेल्या, कुणाच्या मागे घरच्यांनी आणून दिलेल्या, आणि गेलेल्या सायकलस्वारांचे फोटो ओळीने. मला इथे दर वेळी बोरघाटातला शिंग्रोबा आठवतो. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, येणारा-जाणारा ड्रायव्हर तिथे नाणं टाकून पुढे जातो. घाट तिथे देव, हे इटलीत येऊनही खरंच निघालं.

त्या सायकलींत एक फाबिओ कासार्तेल्लीची आहे. इथल्याच आल्बेझे गावचा मुलगा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण. १८ जुलै १९९५ ला टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजमधल्या पोर्ते दास्पेच्या उतारावर पडला आणि गेला. चोवीस वर्षांचा होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तेव्हा ते सक्तीचं नव्हतं. व्यावसायिक शर्यतींत सक्ती झाली २००३ मध्ये. सायकल पडताना वाकली ती तशीच ठेवली आहे. आधी दोन-तीनदा आलो तेव्हा तिच्यासमोर थांबलो होतो, पण आज पहिल्यांदाच जरा जास्त वेळ उभा राहिलो. माझ्या पुढे साठीचे एक गृहस्थ होते. त्यांनी हातमोजा काढून नुसता तळहात छातीवर ठेवला आणि बाहेर गेले. मी हेल्मेट काढून हात जोडले.

लहानपणी बाबा मला पहाटे उठवून मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला खंडाळ्याला न्यायचे. बोरघाट सगळ्यांत आधी चढणारा तो घाटाचा राजा. आम्ही त्या एका माणसासाठी तास-तास उभे राहायचो. उतरण्याला मात्र कुठे किताब नाही, फोटोतही सगळे चढतानाच दिसतात. मी स्वतः पंधरा वर्षं सायकल चालवतोय आणि चढाचा सराव म्हणून काय काय केलं. उतरायला मात्र कधी शिकलोच नव्हतो. उतार म्हणजे बक्षीस, असं समजून चालायचो.

हिवाळ्यात आमच्या गटातल्या सत्तरीच्या आजोबांनी शिकवलं. कालव्याजवळच्या एका रिकाम्या पार्किंगमध्ये पाण्याच्या बाटल्या मांडून. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात बोटं मोकळी सोडायची. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि सगळं वजन त्या पायावर. हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर. आणि नजर वळणाच्या पलीकडे, रस्ता जिथे पुन्हा सरळ होतो तिथे. जिथे बघाल तिथेच सायकल जाते. मी इतकी वर्षं दगडी भिंतीकडे बघत आलो होतो.

त्यांनीच बेल्जियमच्या रेम्को एव्हेनेपूल या सायकलपटूची आठवण करून दिली होती. २०२० च्या लोंबार्दिया शर्यतीत, इथूनच जवळ, सोर्मानोच्या उतारावर तो पुलाचा कठडा ओलांडून खाली पडला, ओटीपोटाचं हाड मोडलं. दोन वर्षांनी तो जगज्जेता झाला. मी कुठे, तो कुठे. पण डिसेंबरात खांदा ठणकायचा तेव्हा हीच गोष्ट उपयोगी पडली.

देवळासमोरच्या कठड्यावर बसून केळं खाल्लं. खाली लेक्कोचा फाटा निळाशार. ब्रेक दोनदा दाबून बघितले, टायर बोटांनी चाचपले. आस्सोच्या बाजूने उतरलो असतो तर उतार सौम्य, खाली स्टेशनही आहे. बेलाजिओकडेच वळलो.

पहिल्या वळणांत खांदे लाकडासारखे ताठ होते, मागून आलेल्या मोटारींना कडेला होऊन जाऊ दिलं. चिवेन्नानंतर श्वास सावकाश सोडायला लागलो तेव्हा कोपरं सैल झाली. मग ते वळण. अलीकडे, सरळ रस्त्यावरच ब्रेक लावला, डाव्या पायावर वजन दिलं आणि भिंतीकडे न बघता पलीकडच्या घराच्या हिरव्या खिडकीकडे बघितलं. काळा पट्टा चाकाखालून गेला. बोटं मोकळी होती. वळण संपलं तेव्हा घशातून एक आवाज निघाला, तो ओरडणं होतं की हुंदका, माहीत नाही. खाली पोचेपर्यंत डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने वाळलं होतं.

बेलाजिओहून वारेन्नाला जाणाऱ्या फेरीबोटीत सायकल कठड्याला टेकवली आणि आईला फोन लावला. पुण्यात रात्रीची जेवणं उरकली होती. सगळं सांगितलं, शालीसकट.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कुठला खांदा?"

"डावा."

"झोपतोस त्याच कुशीवर ना? लहानपणापासून." आणि थोड्या वेळाने, "तिळाचं तेल मिळतं का रे तिकडे?"