बहुमत मिळूनही हरलेला करार

आज दिवसभर राष्ट्रसंघाबद्दल (पहिल्या महायुद्धानंतर शांतता टिकवायला काढलेली देशांची संघटना) वाचत होतो, डोकं अजून तिथेच अडकलंय. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष विल्सन, त्यानेच कल्पना रेटली, पॅरिसमध्ये महिनोन्महिने बसून सगळ्यांना तयार केलं, आणि मार्च १९२० ला त्याच्याच देशाच्या सिनेटमध्ये, संघ ज्याचा भाग होता त्या व्हर्सायच्या शांतता करारावर, बाजूने ४९, विरोधात ३५. म्हणजे बहुमत होतं! पण लागतात दोन तृतीयांश, सात मतं कमी पडली आणि अमेरिका संघात कधी गेलीच नाही. त्यात विरोधी पक्षाचा सिनेटर लॉज याने जोडलेल्या अटींसकट करार मान्य करू नका असं विल्सननेच स्वतःच्या पक्षाला सांगितलेलं, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

मग अमेरिकेचाच १९३० चा स्मूट-हॉली कायदा, घरचे शेतकरी-कारखानदार सांभाळायला आयातशुल्क वाढवलं, बाकीच्या देशांनीही उलट शुल्क लावलं, ऐन मंदीत जो तो आपापलं बघायला लागला.

म्हणून मला १९५१ चा कोळसा-पोलाद करार फार मोठा वाटतो. फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि आणखी चार देशांनी, ज्यातून तोफा-रणगाडे बनतात तोच माल एका सामाईक यंत्रणेखाली आणला, आणि काम गेलेल्या कामगारांना मदत द्यायची तरतूद करारातच ठेवली. माझ्या मते तो घरच्या लोकांसमोर टिकला त्यात या तरतुदीचा मोठा वाटा आहे, आणि आजच्या व्यापार करारांवर बोलताना नेमकं याबद्दलच कोणी विचारत नाही.