डोकं पायाशी

केंब्रिजशायरमध्ये शेतजमिनीवर नवी वसाहत उठायची असली की बिल्डरच्या आधी बऱ्याचदा आम्ही पुरातत्त्ववाले पोचतो. इंग्लंडमध्ये १९९० पासूनचा हा शिरस्ता. जमिनीत जुनं काही असण्याची शक्यता असेल तर ते तपासणं बांधकाम परवानगीच्या अटीतच घालतात आणि खर्च बिल्डरच्या माथी. डेक्कन कॉलेजात शिकताना हे ऐकून हेवा वाटायचा. आता त्याच पैशांवर माझं घर चालतं आणि साइट मॅनेजर रोज सकाळी "कधी आटपताय?" म्हणून विचारतो, तेही मुकाट ऐकून घ्यावं लागतं.

काम तसं रूक्षच. पोकलेनला बिनदाती बकेट लावायची, वरची नांगरटीची माती अलगद खरवडायची. खालच्या पिवळट मातीत जुने चर आणि खड्डे काळपट डागांसारखे उमटतात. त्या दिवशी आम्ही रोमन काळातला, शेताच्या हद्दीचा चर कापत होतो. खापरं, गुरांची हाडं, नेहमीचंच. दुपारकडे चराच्या कडेला माणूस मावेल एवढा लांबोडका डाग दिसला.

इथे पुरलेला माणूस हलवायचा तर १८५७ च्या दफन कायद्याखाली न्याय मंत्रालयाचं लायसन लागतं. रोमन वस्तीचा अंदाज काम सुरू होण्याआधी आम्ही खणलेल्या चाचणी-चरांतच आला होता, त्यामुळे ते आधीच काढून ठेवलं होतं. रस्त्यावरून दिसू नये म्हणून आडोसा उभारला आणि मी लाकडी काडी घेऊन बसले.

खांदे आले, मानेचे मणके आले, पुढे कवटीच नाही. "नांगराने नेली असेल," सुपरवायझर म्हणाली. पण नांगर इतका खोल जात नाही आणि खांदे तर शाबूत. कवटी निघाली पायांशी, नीट ठेवलेली. मानेच्या एका मणक्यावर धारदार पात्याचा सरळ छेद होता. त्याहून मला गुंतवून ठेवलं ते पायांनी. तळव्यांपाशी गंजलेले, वाटाण्याएवढे लोखंडी खिळे ओळीने बसले होते. चामडं केव्हाच कुजून गेलं होतं, पण खिळ्यांवरून जोड्याच्या तळाचा आकार सरळ वाचता येत होता. टाच कुठे, चवडा कुठे, सगळं. एकेका खिळ्याची जागा नोंदवण्यातच संध्याकाळ झाली.

असं दफन इथे अगदीच नवलाचं नाही. याच भागात सॉमरशॅमजवळ रोमन काळातल्या ५२ जणांपैकी १७ जणांची डोकी धडावेगळी निघाली. शिक्षा, की मेलेला उठू नये म्हणून बंदोबस्त, यावर वाद आहेत. मला मात्र आठवलं घोडनदीकाठचं इनामगाव. तिथे ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालून पाय तोडले होते. भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून, असा उत्खनन करणाऱ्यांचा तर्क. इथे याचं डोकं तोडलं, पण जोडे पायातच राहू दिले! मग बंदोबस्त तरी कसला? मला शिक्षेचीच बाजू पटते, पण सुपरवायझर अजून ऐकत नाही.

हाडं धुताना घाई करायची नाही, हे मी सगळ्यांना बजावलं. केंब्रिजशायरमधल्याच फेनस्टँटनला २०१७ मध्ये घरांच्या जागेवरच सापडलेल्या सांगाड्याच्या टाचेतला खिळा, म्हणजे क्रुसावर दिल्याचा पुरावा, खोदताना नव्हे, धुताना लक्षात आला होता.

आपल्याकडे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध. पण कुठल्याच यादीत नसलेल्या गावच्या पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाचं, काय? तिची माती शेतात नेऊन टाकतात, उरलेल्यावर प्लॉट पडतात.

मॅनेजर आडोशाशी येऊन उभा राहिला. "आता काम थांबणार का?" नाही, म्हटलं. फोटो झाले, रेखाटन झालं, उद्या हाडं खोक्यात जातील, मग पाया खणा.

"घर घेणाऱ्यांना हे सांगायचं का?"

"अहवाल कुणालाही वाचता येतो."

"म्हणजे कुणी वाचणार नाही," तो हसला. "बरं, उत्तरेचा कोपरा कधी देताय?"

"परवा," मी म्हटलं, "पाऊस नसेल तर."