पाइप हरतो तो कोपऱ्यात

पहिला पाइप 45 मिमी त्रिज्येच्या डायवर, म्हणजे वाकवायच्या गोल साच्यावर, साठेक अंशांपर्यंत वळला आणि बाहेरच्या अंगाला टक् करून तडकला. ट्रेकच्या पाठपिशवीची फ्रेम करायची म्हणून गिऱ्हाइकाने मुद्दाम शोधून आणलेलं 6061-टी6 ॲल्युमिनियम (6061 हे मिश्रण, टी6 म्हणजे तापवून कडक केलेलं), बाहेरचा व्यास 16 मिमी, जाडी 1.6. मजबूत म्हणून आणलं आणि त्याच गुणापायी गेलं. बाहेरची बाजू किती ताणली जाणार, हे व्यासाला त्रिज्येच्या दुपटीने भागलं की कळतं. 16 भागिले 90, म्हणजे जवळजवळ 18 टक्के. टी6 तुटण्याआधी 10-12 टक्केच ताण घेतं. हा हिशेब डाय निवडण्याआधी करायचा असतो.

गिऱ्हाईक म्हणालं, "गरम करून वाकवा." तसं करता येतं. पाइपला कपड्याचा साबण चोळायचा, टॉर्च फिरवत राहायचं, साबण काळा पडला की थांबायचं. ॲल्युमिनियम लाल होऊन सूचना देत नाही, एकदम वितळून खाली बसतं. पण नरम केलेल्या 6061 ची ताकद टी6 च्या साधारण पाचव्या हिश्शावर येते, आणि तीही नेमकी कोपऱ्यात. म्हणून नाही म्हटलं. लोखंडी पाइप सहज वळला असता, पण याच मापात ॲल्युमिनियम मीटरला सुमारे 195 ग्रॅम भरतं आणि लोखंड 570.

शेवटी त्याच मापाचा 6063 चा, म्हणजे जरा सहज वळणाऱ्या ॲल्युमिनियमचा, पाइप घेतला आणि त्रिज्या 80 केली. ताण आला 10 टक्क्यांवर. सागवानाची 160 मिमी व्यासाची चकती कातून घेतली, कडेला 8 मिमी खोल अर्धगोल खाच.

फ्रेम उलट्या यू आकाराची, पाइपच्या मध्यरेषेवर 700 मिमी उंच, 360 रुंद. लांबी काढताना 700, 700 आणि 360 अशी बेरीज करू नये, कोपरे आत कापून जातात. सरळ पाय 620 चे दोन, वरची सरळ पट्टी 200, दोन वळणं प्रत्येकी 126, मिळून 1692. दोन्हीकडे 50 जास्त ठेवले. वळणाची सुरुवात मार्करने आखली. सुईने ओरखडा काढला असता तर तिथूनच तडा गेला असता.

आत वाळू भरली. चाळलेली, तव्यावर खडखडीत भाजून थंड केलेली. भरताना पाइप हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत राहावं लागतं. वाळू दोनेक इंच खाली बसते आणि ती जागा पुन्हा भरली नाही, तर पाइप तिथेच चेपतो. दोन्ही टोकांना घट्ट लाकडी बुचं मारली.

वाकवलं एका संथ ओढीत. 90 अंशांवर सोडलं तर पाइप 86 वर परतला, म्हणून 94 पर्यंत नेला. दुसरं वळण घेण्याआधी पहिला पाय सपाट फरशीवर टेकवून पाहिला. तिथे दोन अंशांचा पीळ राहिला, तर फ्रेम पाठीवर डुगडुगते.

आडवे पाइप जोडायला आर्गन वेल्डिंग टाळलं, सांध्याशी पाइप पुन्हा नरम पडतो. तडकलेल्या पाइपच्या सरळ भागातून दोन आडवे तुकडे निघाले. टोकं अर्धगोल कानसून, आत आटे पाडलेला ॲल्युमिनियमचा गोल तुकडा बसवून 5 मिमी बोल्टने आवळले. बोल्टखाली पाइप दबू नये म्हणून उभ्या पाइपमध्ये 12 मिमी नायलॉन रॉडचे तुकडे खालच्या टोकातून सरकवले. कोपऱ्याजवळ एकही भोक पाडलं नाही.