एकाच कुंडीत एक बुडून गेलं, एक तहानेनं

मे महिन्यातली गोष्ट आहे. सकाळी सव्वासातला व्हॉट्सॲप वाजलं. "आपण जानेवारीत लावून दिलेली झाडे आपण स्वतः येऊन पाहावीत. फोटो सोबत जोडला आहे." नमस्कार नाही, गुड मॉर्निंगचं फूल नाही. कोथरूडचे काका. फोटो उघडला आणि माझा चहा तसाच राहिला.

मी पुण्यात बाल्कनी आणि टेरेस गार्डनची कामं घेते, नऊ वर्षं झाली. म्हंजे कुंड्या भरून देणं, महिन्याचा मेंटेनन्स, खत, फवारणी वगैरे. ह्या काकांचं काम त्यांच्या अमेरिकेतल्या मुलीने दिलेलं, आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं झाली म्हणून सरप्राइज. तिने एक फोटो पाठवला होता, लांबट बॉक्समधे मधोमध काहीतरी उंच, दोन्ही बाजूंनी भरगच्च, आणि पुढून खाली लोंबणारं. तस्संच पाहिजे म्हणाली. आजकाल सगळ्यांना तस्संच पाहिजे असतं आणि खरं सांगायचं तर मलाही करायला आवडतं, एका कुंडीत एक झाड हे बघून बघून कंटाळा येतो. तर तीन फुटी फायबरचे दोन बॉक्स, मधे फुगीर बुडाचं अडेनियम, दोन बाजूंना एक्झोरा म्हंजे झुबक्याने फुलणारं झुडूप, पुढच्या कडेला ट्रेलिंग जेड आणि वांडरिंग ज्यू. लावून झाल्यावर असले भारी दिसत होते की मी फोटो काढून स्टेटसला ठेवला होता. तीन नवीन गिऱ्हाइकं आली त्या एका फोटोवर.

आणि आता हा फोटो. अडेनियमची पानं पिवळी होऊन गळालेली, फांद्या सुरकुतलेल्या. एक्झोरा तर कुणी इस्त्री फिरवल्यासारखा, पानं कडेने करपलेली, तांबडी कुरकुरीत. मधे एक हिरवंगार काहीतरी पसरलेलं जे मी लावलेलंच नव्हतं.

दहाला पोचले, माझ्या हाताखाली काम करणारा पोरगा बरोबर. सहावा मजला, पश्चिमेची बाल्कनी, दुपारी एकपासून मावळेपर्यंत ऊन थेट आत. काकांनी दार उघडलं, "या. तेरवीला आल्यासारखं तोंड करू नका, अजून एकदोन जिवंत आहेत."

मी नेहमीचं केलं. अडेनियमच्या बुडाशी बोट दाबलं. अडेनियमचा फुगीर कंद कच्च्या बटाट्यासारखा टणक लागायला हवा, हा पिकलेल्या चिकूसारखा आत गेला. वास पण यायला लागला होता, तो आंबूस कुजका वास, एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. म्हटलं काका, पाणी जास्त झालंय.

बास. काका आत गेले आणि डायरी घेऊन आले. बँकेची जुनी डायरी, त्यात रकाने आखलेले. तारीख, वेळ, लिटर. रोज सकाळी प्रत्येक बॉक्सला 3 लिटर, 20 एप्रिलपासून संध्याकाळी अजून 3. मोजायला दुधाचं लिटरचं माप वेगळं ठेवलेलं. "ह्यात जास्त कुठे झालं ते दाखवा," म्हणाले. मी पानं उलटली तर 36 वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची डायरी, एक खाडाखोड नाही.

मग मी एक्झोराकडे वळले. नखाने फांदी खरवडली, वर सालीखाली अगदी पुसटशी हिरवी रेघ, टोकं कडकडीत वाळलेली. हे काही जास्त पाण्याचं लक्षण नव्हतं. बुडाशी दोन बोटं खुपसायला गेले तर बोट वीटेला लागल्यासारखं थांबलं. मी म्हटलं, ह्याला... ह्याला पाणी कमी पडलंय.

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, बॉक्स एक. पाणी एक. देणारा माणूस एक. तुम्ही एक काय ते ठरवा."

खरं सांगते, त्या क्षणी मला उत्तर येत नव्हतं. नऊ वर्षांत "पाणी जास्त झालं" हे मी इतक्या वेळा म्हटलंय की ते तोंडातून आपोआप निघतं, आणि दहात आठ वेळा ते बरोबर पण असतं, म्हणून सवय लागते. मी पोराला म्हटलं ताडपत्री अंथर, सगळं बाहेर काढायचं.

हे बोलणं सोपं आहे. 90 सेंटीमीटर लांब, 30 रुंद, 30 खोल म्हंजे 81 लिटरचा डबा, वर थोडी जागा सोडली तरी सत्तरेक लिटर ओली माती. दोघांनी हलवायचा प्रयत्न केला, हलला नाही. शेवटी आहे तिथेच खुरप्याने आणि हाताने उपसत बसलो. काका खुर्ची टाकून बसले, काकू आतून ताक घेऊन आल्या आणि बॉक्सकडे बघून एकदम म्हणाल्या, "अगं पुदिना नका हं काढू, तो माझाय."

तर ते हिरवंगार म्हंजे काकूंचा पुदिना. फेब्रुवारीत भाजीवाल्याकडून आणलेल्या जुडीच्या काड्या पानं खुडून कोपऱ्यात खोचल्या होत्या, फुकट जाऊ नये म्हणून. पुदिन्याला एवढं आमंत्रण पुरतं. वरून कोपऱ्यातलं एक झुपकं दिसतं, पण माती उकरली तर त्याच्या पांढऱ्या दोरीसारख्या धावत्या मुळ्या बॉक्सच्या भिंतीला धरून पूर्ण फेरी मारून आल्या होत्या, दोन ठिकाणी खालच्या भोकातून बाहेर निघालेल्या, आणि त्यातलं एक भोक त्यांनीच बुचासारखं बंद केलेलं.

मी सहज विचारलं, काका रोज पाणी घालता ते वेळ झाली म्हणून का माती बघून? तर म्हणाले, "माती वरून कळत नाही. पुदिना मान टाकतो, तेव्हा घालतो. उन्हाळा लागल्यावर संध्याकाळीही टाकायला लागला, म्हणून दोनदा."

आता पश्चिमेच्या बाल्कनीत, मे महिन्यात, दुपारी चार वाजता पुदिना मान टाकणारच हो. माती ओली असली तरी टाकतो, पातळ पानं, पाणी उडतं भराभरा. संध्याकाळी गार झालं की आपोआप उभा राहतो. म्हंजे अख्ख्या बॉक्सचं पाणी पुदिना ठरवत होता, आणि त्याच्या शेजारी कोण उभं, तर अडेनियम, आफ्रिका आणि अरबस्तानातल्या कोरड्या भागातलं झाड, जे खोडात पाणी साठवून ठेवतं आणि दोन पाण्यांच्या मधे माती सुकलेली मागतं.

कुणी म्हणेल अडेनियम उन्हाळ्यात पाणी पितं की, मग मेमधे कसं कुजलं. बरोबर आहे. पण कंद कापला तेव्हा कुज आतून जुनी होती, तपकिरी, दोरे सुटलेली. सुरुवात जानेवारी-फेब्रुवारीतलीच, थंडीत अडेनियम झोपलेलं असतं, मुळं फारसं काम करत नाहीत, आणि आम्ही तेव्हा त्याला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर घातलेल्या मिश्रणात मानेपर्यंत पुरून ठेवलेलं. वर अजून एक शहाणपण म्हंजे तळाला चार बोटं खडीचा थर. निचऱ्यासाठी! ही खडी वर्षानुवर्षं सगळेच घालतात, मीपण घालायचे, आणि ती उलटं काम करते. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय थेंब सुटत नाही. म्हंजे जो चिखलाचा थर अगदी तळाशी राहिला असता तो चार बोटं वर, बरोब्बर अडेनियमच्या मुळाशी येऊन बसला. पोराने मूठभर काढून पिळलं तर पाणी ठिबकलं.

अन एक्झोरा? तो ह्या चिंब मातीच्या वीतभर अंतरावर तहानेने मरत होता. तो उपटला तेव्हा मुळांसकट एक गोळा बाहेर आला, नारळाएवढा, काळपट, गुळगुळीत. नर्सरीच्या पिशवीत होता तस्सा. भोवतीची माती ओली, गोळा बाहेरून ओलसर. खुरप्याचा दांडा मारला, फुटला नाही. दुसऱ्यांदा जोरात मारला तेव्हा दोन तुकडे झाले आणि आतून धूळ उडाली. खरोखरची धूळ, काकांच्या पांढऱ्या लेंग्यावर बसली. काका काही बोलले नाहीत, वाकून त्यांनी तो तुकडा हातात घेतला आणि बोटाने चुरला.

पुण्यातल्या नर्सऱ्यांत बरीचशी झाडं आंध्रातून येतात, राजमुंद्रीजवळच्या कडियमहून, ट्रक भरभरून. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून ती चिकण मातीत बांधलेली असतात. वाहतुकीला ते उत्तम. पण तो गोळा तसाच उचलून भुसभुशीत कोकोपीटमधे ठेवला की काय होतं, एकदा का तो कोरडा पडला की टणक होतो, मग वरून ओतलेलं पाणी सोप्या वाटेने, म्हंजे गोळ्याच्या बाजूबाजूने खाली निघून जातं. आत शिरतच नाही. तीन लिटर घाला नाहीतर तीस. मुळं गोळा सोडून बाहेर आलेली असती तर निभावलं असतं, पण बाहेर तर पुदिन्याचं राज्य.

आणि गोळा फोडून लावायचा हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पोरांना मीच शिकवते. लावताना बादलीत बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत, मग बाहेरची माती बोटांनी सोडवायची, मुळं मोकळी करायची. एका झाडाला वीसेक मिनिटं जातात. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता तो, एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरलं की सगळ्या पुण्याला अचानक बाग करावीशी वाटते, दोन दिवसांत चौदा बॉक्स भरायचे होते. मीच म्हटलं होतं, "राहू दे रे, पिशवी फाडून ठेव तसाच." मला ते वाक्य शब्दन् शब्द आठवलं, पोराला पण आठवलं असणार कारण तो माझ्याकडे न बघता माती गोळा करत बसला.

मी काकांना सांगून टाकलं. डायरी बरोबर आहे, चूक लावण्यात आहे. त्यांनी फक्त "हं" केलं. पुणेरी "हं" मधे किती काय काय असतं ते ऐकणाऱ्यालाच कळतं.

मधे एक पाच मिनिटं माझ्या पोटात गोळा आला ते वेगळंच. काकू म्हणाल्या रोज चटणीला ह्याच पुदिन्याची पानं घेते. मी अडेनियम कापत होते, चीक हातमोज्यांवर आलेला. हा चीक विषारी असतो, आफ्रिकेत बाणांना लावायचे. पुदिन्यात तो काही उतरत नाही, पण तुटलेल्या फांदीचा चीक शेजारच्या पानांवर पडला तर? आणि त्याहून मोठं, एक्झोरावर पिठ्या ढेकूण, म्हंजे पांढरी कापसासारखी कीड, आली म्हणून आमच्या माणसाने मार्चमधे फवारणी केली होती, कशाची? बाल्कनीतल्या कठड्याला टेकून फोनमधले सगळे मेसेज शोधले. निंबोळी तेल, लिटरला 5 मिली. हुश्श. दुसरं एखादं झाडात भिनणारं औषध मारलं असतं तर काकाकाकूंनी ते चटणीतून खाल्लं असतं, आणि दोष कुणाचाच नाही, आम्हाला पुदिना माहीत नाही, त्यांना औषध माहीत नाही. तेव्हापासून मी फवारणीआधी विचारतेच, ह्या कुंडीत खायचं काही खोचलंय का. निम्म्या घरांत असतं. मिरची, पुदिना, ओवा, काहीही.

मग दुपारी दोनपर्यंत दुरुस्ती. अडेनियम जिथवर कुजलं होतं तिथवर कापत कापत गेले, पांढराशुभ्र टणक भाग लागेपर्यंत, पहिल्या बॉक्समधलं तर कापता कापता संपलंच, हातात फांदी उरली. दुसऱ्याचा वरचा अर्धा कंद मिळाला. त्याला बुरशीनाशकाची पूड लावून सावलीत उघडाच ठेवायला सांगितला, आठ दिवस, पाण्याचा थेंब नाही. काका म्हणाले, "म्हणजे ऑपरेशन झालं आणि सलाइन नाही?" अगदी तसंच. नंतर त्याला वेगळी मातीची दहा इंची कुंडी, जाड वाळू आणि विटांचा चुरा निम्म्याहून जास्त.

एक्झोरे चारही बादलीत. पहिला गोळा बुडवला तर पाऊण तास बुडबुडे येत होते, काकू मधून मधून येऊन बघायच्या, "अजून पितोय गं." निम्मी पानं छाटली, माती धुतली आणि एका बॉक्समधे तेच लावले, खाली पसरायला वांडरिंग ज्यू. दोघांनाही ओल चालते. त्यांना मात्र दुपारी हिरवी जाळी बांधली, धुतलेली मुळं मेच्या उन्हात तग धरत नाहीत. दुसऱ्या बॉक्समधे जेड आणि ऑफिस टाइमची फुलझाडं, भर उन्हात खूश राहणारी, दोन दिवस पाणी विसरलं तरी चालतं. खडी सगळी काढली, भोकावर फक्त जाळीचा तुकडा.

पुदिन्यावरून वाटाघाटी झाल्या. काकूंना बॉक्समधेच हवा होता, दिसतो छान म्हणे. मी म्हटलं काकू, हा भाडेकरू नाही, हा घर बळकावणारा आहे. शेवटी उथळ पसरट कुंडीत त्याला वेगळा काढला आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली, सकाळच्या उन्हात. पैसे मी घेतले नाहीत, काकांनी दिलेही नाहीत. निघताना त्यांनी डायरी उघडून नवीन पान आखायला घेतलं होतं, एका रकान्याचे चार रकाने, शेवटच्यावर लिहिलं "पुदिना (सौ.)".

गाडीत बसल्यावर पोरगा म्हणाला, "ताई, त्याच ट्रकमधले एक्झोरे अजून कुठं कुठं लावले आपण?" तोच विचार माझ्या डोक्यात होता. वही काढली, पाच घरं निघाली. तिथूनच फोन लावले. पहिल्या बाई म्हणाल्या, नाही हो, आमचं मस्त चाललंय. दुसरीने फोन उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बरं झालं तुम्हीच केलात, तो एक्झोरा बघा ना, मी रोज पाणी घालते तरी..."

म्हटलं उद्या सकाळी येते. एक मोठी बादली रिकामी ठेवा.