दोन जोंगांची एक गाडी

१९९७ चा नोव्हेंबर. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला, त्यामुळे पासिंगच्या मैदानातली ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. त्या रांगेत मधोमध एक जोंगा, म्हणजे फौजेतली जीपसारखी गाडी, उभी होती. रंग नवा, टायर नवे, ताडपत्री नवी. इंजिन इतकं एकसुरात चालत होतं की शेजारचा ट्रॅक्टर बंद झाल्यावरच ते चालू असल्याचं माझ्या लक्षात आलं.

मी मोटार वाहन निरीक्षक होतो, नोकरीला दहा वर्षं होत आली होती. मिलिटरी डिस्पोजलची, म्हणजे फौजेने वापरून लिलावात काढलेली गाडी वर्षातून दोन-चार वेळाच यायची आणि आली की मी हातातलं काम उरकून तिच्याकडे वळायचो. जोंगा तर माझी फार आवडती. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून बनलेली, मूळ घडण निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीची, बोनेटखाली जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. डोंगर असो की वाळू, फौजेतल्या कितीतरी अधिकाऱ्यांना आणि जवानांना तिने वाहून नेलं आहे.

पण अशा गाडीपाशी मी रेंगाळायचो ते केवळ आवडीपोटी नव्हे. साधी गाडी पासिंगला येते तेव्हा कंपनीपासून विक्रेत्यापर्यंतचे कागद तिच्याबरोबर असतात. फौजेतली गाडी येते ती आमच्या लेखी अनोळखी म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे तिची नोंद संरक्षण खात्याकडेच होते. पाटीवर वर टोक केलेला बाण, त्याला लागून खरेदीच्या सालाचे दोन आकडे, पुढे अक्षर आणि क्रमांक. त्याला फौजेत बीए नंबर म्हणतात. पंधरा-वीस वर्षं ती याच देशाच्या रस्त्यांवर धावलेली असते, पण आरटीओच्या दफ्तरात ती जन्मलेलीच नसते. केंद्र सरकारची मालकी संपली की तिला इतरांसारखी नोंदणी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी तिच्याजवळ मुख्य आधार एकच: लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ मध्ये माजी लष्करी गाड्यांसाठी या कागदाचा खास उल्लेख आहे. झेरॉक्स चालत नाही.

मालक पंचेचाळिशीचा शेतकरी होता. त्याच्यासोबत साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते, सडपातळ, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्या भागात फौजेतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, त्यामुळे सगळे त्यांना मेजर म्हणत होते. मीही तेच म्हटलं. गाडी त्यांनीच उभी केली होती, पाच महिने खपून.

कागद पाहिला. मूळ प्रत, शिक्का स्पष्ट. इंजिन नंबर जुळला. दिवे, ब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, कशातही बोट ठेवायला जागा नव्हती. मी गाडीखाली सरकलो. मागच्या डिफरन्शियलच्या हाउसिंगवर, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यावर, पांढरा रंग ताजा दिलेला दिसला. फौजेच्या गाड्यांना तिथे एक बारीक बल्ब असतो. रात्री सगळे दिवे मालवून ताफा चालतो तेव्हा मागच्या चालकाला पुढच्या गाडीचा फक्त तेवढा पांढरा गोळा दिसतो आणि तो त्याच्या मागे जात राहतो. नागरी रस्त्यावर त्याचा काहीच उपयोग नाही. मेजरांनी तरीही तो रंगवला होता, बल्बही जोडला होता. गाडीखाली पडल्या पडल्या मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

मग चॅसी नंबरची पेन्सिल प्रिंट घ्यायला गेलो. चॅसी म्हणजे जिच्यावर सगळी गाडी बसते ती लोखंडी चौकट. पुढच्या भागात चॅसीच्या पट्टीवर रंगाचा जाड थर होता. पत्र्याने खरवडला, रॉकेलच्या फडक्याने पुसला, कागद ठेवून पेन्सिल फिरवली. आकडे हळूहळू उमटले. शेवटचे तीन प्रमाणपत्राशी जुळत नव्हते. पुन्हा प्रिंट घेतली. तेच.

मी बाहेर आलो आणि दोघांना रांगेपासून बाजूला घेतलं.

"मेजर, ही चॅसी कुठली?"

"दुसऱ्या गाडीची, साहेब." त्यांनी क्षणभरही दडवलं नाही. दडवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

शेतकऱ्याने लिलावात दोन लॉट घेतले होते. एका लॉटमध्ये ही विक्री प्रमाणपत्राचा कागद असलेली जोंगा. दुसऱ्यात एक सांगाडा, केवळ भंगार म्हणून विकलेला. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, विक्री प्रमाणपत्र नाही. तो घेतला सुट्या भागांसाठी. घरी आणून खोलल्यावर दिसलं की कागदाच्या गाडीची चॅसी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी तडकली आहे आणि भंगारातल्या सांगाड्याची चॅसी मात्र दोरी लावावी इतकी सरळ. मेजरांनी सरळ चॅसी घेतली आणि इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी सगळं तिच्यावर चढवलं.

"फौजेत आम्ही हेच करायचो," ते म्हणाले. "असेंब्ली बदलायची, गाडी परत युनिटला पाठवायची. गाडी म्हणजे तिचा बीए नंबर आणि लॉग बुक. आतलं काय काय बदललं ते पानावर लिहिलेलं असतं."

त्यांचं म्हणणं त्यांच्या जगात खरं होतं. तिथे गाडीचा मालक कधीच बदलत नाही. युनिट बदलेल, चालक बदलेल, पण ती ज्याची आहे त्याचीच राहते, म्हणून तिच्या पोटातलं काहीही बदललं तरी ओळख हरवत नाही. ईएमईची तपासणी होऊन दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे गेला असा शेरा पडला, म्हणजे बीईआर ठरली, की ती डेपोत जाते, लॉट पडतो, लिलाव होतो. डेपोच्या फाटकाबाहेर पडल्या क्षणी बीए नंबर संपला, लॉग बुकही मागे राहिलं. आता तिची ओळख म्हणजे चॅसीवर ठोकलेले आकडे आणि त्याच आकड्यांचा कागद.

आणि भंगार म्हणून विकलेल्या गाडीला प्रमाणपत्र देत नाहीत त्याला भक्कम कारण आहे. मेलेल्या गाडीच्या कागदावर चोरीची गाडी जिवंत करणं हा जुना धंदा आहे. कागद एका चॅसीचा आणि गाडी दुसऱ्या चॅसीवर, हे एकदा प्रामाणिक माणसासाठी चालवून घेतलं की पुढच्या माणसाला नाही म्हणायला माझ्याकडे काही उरत नाही. हे मी त्यांना तिथेच, ट्रॅक्टरच्या धुरात उभं राहून सांगितलं. शेतकरी म्हणाला, "साहेब, तीन आकड्यांचा प्रश्न आहे." एक एजंट कान देऊन उभा होता, तो म्हणाला की आकडे काय, परत ठोकता येतात. त्याला मी मैदानाबाहेर काढलं. मेजर मात्र एजंटकडे अशा नजरेने बघत होते की मला खात्री पटली, या माणसाच्या हातून तसं काही होणार नाही.

अर्जावर शेरा मारला आणि गाडी परत पाठवली. ती फाटकातून बाहेर गेली तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी पास केलेल्या निम्म्या गाड्या तिच्या जवळपासही नव्हत्या.

रविवारी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. तसं जायची गरज नव्हती आणि अधिकार म्हणून गेलो नव्हतो. मला ती तडकलेली चॅसी बघायची होती. बांधावर, लिंबाच्या झाडाखाली ती पडली होती, वर वेल चढलेला. मेजरांनी वेल ओढून काढला. तिथेही रंग खरवडला: वर हिरवा, खाली वाळूच्या रंगाचा पट्टा, त्याखाली पुन्हा हिरवा. ही गाडी कधीतरी वाळवंटात होती हे त्या पट्ट्यावरून कळलं. मग आकडे दिसले. प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळले.

तड बोटभर लांब होती, पण पट्टीच्या उभ्या भागात, आणि गंज वरवरचा. मी विचारलं, हे सुधारेल का. मेजर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले, हातोडीने ठोकून आवाज ऐकला. "सुधारेल. तडीच्या टोकाला भोक पाडायचं म्हणजे ती पुढे धावत नाही. मग वेल्डिंग, वरून प्लेट, प्लेटला रिव्हेट." थोडं थांबून म्हणाले, "तेव्हाच करायला हवं होतं. सरळ चॅसी समोर दिसली आणि हात तिकडे गेला."

म्हणजे उभी केलेली गाडी पुन्हा पूर्ण खोलायची होती. पाच महिन्यांचं काम मागे फिरवायचं होतं. शेतकऱ्याने एकदा विहिरीकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि म्हणाला, "मेजर, कधी सुरू करायचं?"

तिथेच बाकीचंही बोलून घेतलं. शेतकऱ्याला पेट्रोलचा खर्च झेपणार नव्हता, त्याच्या मनात डिझेल इंजिन बसवायचं होतं. सांगितलं की कलम ५२ खाली आधी परवानगी घ्यावी लागते, आणि नोंदणी होण्याआधीच इंजिन बदललं तर प्रमाणपत्रातला उरलेला पुरावाही हातचा जाईल. आधी आहे तशी नोंदवा. दुसरी गोष्ट रंगाची. मैदानात गाडी आली ती ऑलिव्ह ग्रीन होती आणि नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाडीखेरीज कुणालाही तो रंग लावता येत नाही. हे ऐकून शेतकरी चॅसीच्या बातमीपेक्षा जास्त हिरमुसला. त्या रंगासाठीच तर त्याने ही गाडी घेतली होती. मी समजावलं की नाकाबंदीवरचा पोलिस किंवा छावणीच्या फाटकावरचा पहारेकरी आधी रंग बघतो, नंबर नंतर. मेजरांनी मान डोलावली. "बरोबर आहे. वर्दी उतरवली की उतरवली."

फेब्रुवारीत गाडी परत आली. गडद निळ्या रंगात. मी पहिल्यांदा तडीची जागा बघितली: प्लेट चोख बसवलेली, रिव्हेटची डोकी एका ओळीत. मग पेन्सिल प्रिंट. आकडा न् आकडा जुळला. मागे डिफरन्शियलवर तो पांढरा गोळा होताच. त्याला कुठलाच नियम आडवा येत नव्हता.

आज हा रस्ता बराच अरुंद झाला आहे. लिलाव आता एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करून त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात पाठवायचा नियम आला. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातल्या चिलखती आणि इतर खास गाड्या त्यातून वगळल्या आहेत. ज्या गाड्या आधीच बाहेर आल्या आणि पन्नाशी ओलांडली, त्यांच्यासाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, मात्र रोजच्या वापराला परवानगी नाही. १९६९ ची पहिली जोंगा त्या वयात पोचली आहे. मला अजूनही अशा मालकांचे फोन येतात आणि मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो: नमुना २१ ची मूळ प्रत कुठे आहे? आजोबांनी गाडी जपलेली असते, कागद कुठल्याशा पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्लेला असतो. तेव्हा माझा जीव तुटतो, कारण त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

त्या फेब्रुवारीत नंबर पडल्यावर एक काम उरलं होतं. भंगारातली ती दुसरी चॅसी, दोरीसारखी सरळ, आता लिंबाखाली पडली होती. मी मेजरांना म्हटलं, ती तशीच ठेवू नका, कुणीतरी विकत मागेल. त्यांना कारण सांगावं लागलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं, गॅस कटर पेटवला आणि माझ्यासमोर ठोकलेल्या आकड्यांच्या मधोमध आडवी ज्योत फिरवली. लोखंड थंड होईपर्यंत आम्ही तिघे बांधावर बसून होतो. मग दोन्ही तुकडे उचलून त्यांनी वेगवेगळ्या पोत्यांत टाकले.